गिजी बेंडचं शून्य

गिजी बेंड
११ मे

आयडा,

तिकडे सिडनीत अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच टेबलाच्या कडेला सारशील, म्हणून आधीच सांगते, कुणी गेलेलं नाही. क्लॅरी काका ठणठणीत आहेत. माझा एक गुडघा तेवढा कामातून गेलाय. आता पुढे वाच.

फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर मी ओरडते आणि तू गप्प बसतेस. तुझं ते गप्प बसणं ऐकलं की मी आणखी ओरडते. त्यापेक्षा हे बरं. पोस्टात ग्लेनिस तिकीट चिकटवताना म्हणाली, "नोला, आजकाल पत्र कोण पाठवतं गं? कुणाला नोटीस काढलीस की काय?" मी म्हटलं, "बहिणीला पाठवतेय." तर म्हणते, "म्हणजे नोटीसच."

विषय टालीचा आहे. पोर सुधारगृहात आहे. तिथे कोण सुधारतं ते देव जाणे, पण नाव तसं आहे. पंधरा वर्षांची झाली, तुला आठवत असेल तर. तिने काही मोठं केलेलं नाही. पोर्ट हॅलमच्या त्या घरातून पळाली, एवढंच. ज्या घरात तुमच्या बालकल्याण खात्याने तिला नेऊन ठेवलंय, त्याला घर म्हणायचं असेल तर.

आता तुला पत्र लिहायची वेळ का आली ते ऐक. काल हॉलवर गेले होते. डॅरिल शिडीवर चढून पाटी रंगवत होता. ती पाटी तूच बसवलीस. बाळांची जन्माची वजनं, शाळेची हजेरी, दवाखान्यात किती गेले, किती जणांना काम मिळालं, आणि सगळ्यात खाली, गावाची किती पोरं आत आहेत. तेव्हा तू याच हॉलमध्ये उभी राहून म्हणाली होतीस, "गाव बरं आहे की नाही हे कळायला फार शहाणपण लागत नाही. महिन्याच्या शेवटच्या रात्री त्याची किती पोरं कोठडीत झोपली ते मोजायचं." मी टाळ्या वाजवल्या होत्या. सगळ्यात जोरात मीच. तुझं नि माझं बोलणं बंद होतं, तरी वाजवल्या. कारण ते खरं होतं.

तर डॅरिलने त्या खालच्या रकान्यात मोठं, गोल, पिवळंधमक शून्य काढलं.

मी खालून ओरडले, "अरे, टाली आत आहे ना?"

"ती आपल्यात धरत नाहीत, नोला मावशी. तिचा पत्ता पोर्ट हॅलमचा आहे."

मी घरी येऊन पोर्ट हॅलमला फोन लावला. तिथली बाई गोड बोलली. टाली त्यांच्या गावची नाही म्हणे, तिला तिथे फक्त ठेवलेली आहे, ठेवलेली मुलं त्या मोजत नाहीत. मी विचारलं, मग कोण मोजतं? ती म्हणाली, "अं... मूळ गाव मोजत असेल ना?" म्हणजे पोर जिवंत आहे, जेवते, भिंतीआड झोपते, आणि ती कुणाच्याच पाटीवर नाही.

पाटीचं मला काही नाही गं. पाटी गेली चुलीत. पण गावाच्या जामिनाच्या सोयीचं काय? पोराने आजीकडे राहायचं, रोज हॉलवर तोंड दाखवायचं, संध्याकाळी बायांनी घरी चक्कर मारायची, ही सगळी योजना फक्त गावच्या पोरांसाठी. कोर्टाने विचारलं, मुलीला कुठे सोडू, तर वकील म्हणाला गिजी बेंड, आणि सरकारी बाई म्हणाली, ही गिजी बेंडची नाहीच. मॅजिस्ट्रेटने परत आत पाठवली.

पत्ता बदलायला विभागाच्या प्रमुखाची सही लागते. ती तू. आयडा, एक सही कर. मी तुझ्याकडे आयुष्यात फार काही मागितलेलं नाही, आणि जे मागितलं ते तू दिलेलं नाहीस. या वेळी दे.

नोला

ता. क. थंडी सुरू झाली. आत पांघरुणं पातळ असतात म्हणे.

*

गिजी बेंड
४ जून

आयडा,

उत्तर मिळालं. उत्तर कसलं, यंत्रातून काढलेल्या दोन ओळी. "नात्यातील व्यक्तीच्या प्रकरणात मला निर्णय घेता येत नाही. फाईल दुसऱ्या विभागाकडे सोपवली आहे." खाली तुझं नाव आणि हुद्दा. आपल्याच बहिणीला हुद्दा सांगतेस?

हेच वाक्य मी सहा वर्षांपूर्वी तुझ्या तोंडून ऐकलं होतं. गेलेल्यांचं नाव घ्यायचं नाही म्हणून जिचं नाव आता आपण घेत नाही ती माझी लेक गेली, तिला मातीत ठेवून आलो, आणि दुसऱ्या आठवड्यात पोरीला न्यायला खात्याची पांढरी गाडी दारात. टालीच्या हातात तिच्या आईचा जांभळा स्वेटर होता, तो तिने सोडला नाही. मी तुला फोन केला. तू तेव्हा नुकतीच खात्यात लागली होतीस. मला वाटलं, आपलं माणूस आत आहे, आता काय भ्यायचं! आणि तू म्हणालीस, नात्यातल्या व्यक्तीच्या प्रकरणात मला निर्णय घेता येत नाही. हात वर. संपलं.

नातं सांगून काम होतं असं लोक म्हणतात. तुझं तर नातं सांगून काम अडतं. आपल्या आदिवासी लोकांत मोठी आई नि धाकटी आई अशा दोन आया असतात, पोरांना एक गेली तरी दुसरी राहते. माय मरो, मावशी उरो. इथे आईची मावशी उरली, सिडनीत जाऊन खुर्चीत बसली, आणि खुर्चीने तिला सांगितलं की हात लावू नकोस.

रविवारी टालीचा फोन आला. दहा मिनिटं देतात. त्यातली निम्मी ती जेवणाला शिव्या देण्यात घालवते, म्हणजे तब्येत बरी आहे.

"आजी, पास्ता म्हणून देतात ते काय असतं माहितीये? तुझ्या कुत्र्याने खाल्लं नसतं."

"माझा कुत्रा लाडावलेला आहे. तू गप खा."

मग म्हणाली, "इथली एक बाई सांगत होती, गिजी बेंडचं कुणी आत नाही. बक्षीस मिळणार आहे म्हणे तुम्हाला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग मी कुठली गं?"

मी म्हटलं, तू इथली. तुझी आई इथली, तिची आई मी इथली, माझी आई या नदीवरची. ती म्हणाली, "ते मला माहितीये. मी त्यांना विचारतेय." आणि वेळ संपली.

या प्रश्नाचं उत्तर खात्यात कुणाकडे असेल तर कळव. हुद्द्यासकट कळव.

आणि हो, एक गोष्ट मागच्या पत्रात राहिली होती. तुला कुठून तरी कळेलच, तेव्हा ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? ती नुसती पळाली नव्हती. त्या घरच्या बाईची गाडी घेऊन पळाली. पण अंतर बघ ना, आयडा, पायी कशी येणार होती?

नोला

*

गिजी बेंड
९ जुलै

आयडा,

पुन्हा तारीख पडली. दुसऱ्या विभागात फोन केला तर तो पोरगा म्हणतो, फाईल रांगेत आहे. मी म्हटलं, "बाळा, रांगेत फाईल आहे, पण आत माझी नात आहे." तो म्हणाला, "समजतंय मला, मॅडम." समजून घेणाऱ्या माणसांनी हा देश नुसता भरलाय. काम करणारा एक सापडत नाही.

कोर्टात सगळं वाचून दाखवलं, तेव्हा आता तुलाही सांगायला हरकत नाही. गाडी कुंपणात गेली. आणि नंतर पोलिसांच्या गाडीचं दार चेपलं, कसं ते टालीला नीट आठवत नाही, मलाही खोदून विचारायचं नाही. पेट्रोल पंपावर धरली तिला. त्या पंपापासून आपलं गाव दोन तासांवर. तोंड इकडेच होतं गाडीचं. हे कुणी वाचून दाखवलं नाही.

डॅरिलशी माझं कडाक्याचं भांडण झालं. मी म्हटलं, तूच लिहून दे की टाली आपली आहे, तू योजनेचा मुख्य माणूस आहेस. तो आधी हसण्यावारी नेत होता. मग खुर्ची ओढून बसला.

"मावशी, पाटीवर आधी किती होते? आठवतंय? नऊ. नऊ पोरं आत होती. संध्याकाळची गाडी सुरू केली, बाया पोरांना गोळा करून जेवायला घालायला लागल्या, तेव्हा कुठे हे शून्य आलंय. ते खोटं नाहीये."

"कोण म्हणतंय खोटं आहे?"

"वर्षाअखेरपर्यंत शून्यच राहिलं तर सरकारी पैशावर गाडी पुढची तीन वर्षं चालेल. एकदा जरी एक झालं तर फेरविचार. फेरविचार म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. तुझ्या एकीसाठी मी बाकीच्यांची गाडी बंद पाडू?"

आता याला काय उत्तर द्यायचं सांग. माणूस वाईट असता तर चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. तो वाईट नाही. त्याचे डोळे बघ, झोप नाही पोराला. मी एवढंच म्हटलं, "अरे, एकीला वगळून जे शून्य होतं त्याला शून्य म्हणत नाहीत." तो म्हणाला, "कागदावर म्हणतात." मी चहा तसाच टाकून उठले. चहा चांगला होता, त्याचंही वाईट वाटतंय.

आता मुख्य गोष्ट. ऑगस्टमध्ये शून्याचा कार्यक्रम ठेवलाय. केक, फोटो, सिडनीहून मोठी माणसं. आणि त्यांना स्वागताला मी हवी आहे. नदीच्या या वळणावर पाहुण्यांना 'या' म्हणायचा मान आईकडून आपल्या दोघींकडे आला, तिसरं कुणी उरलेलं नाही. मी 'या' म्हटल्याशिवाय त्यांना सुरुवात करता येत नाही.

मी म्हणणार नाही. डॅरिलला तसं सांगितलंय. टाली माझ्या गावची नाही, तर गाव तरी माझं कशावरून? मग मी कुणाच्या वतीने 'या' म्हणू?

पाहुण्यांच्या यादीत तुझं नाव आहे असं कळलं. तुला मान आहे, तुला करायचं असेल तर कर स्वागत. मी पहिल्या रांगेत बसून बघेन.

नोला

*

गिजी बेंड
२२ ऑगस्ट

आयडा,

तू फोटो झाल्या झाल्या गाडीत बसलीस, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. आणि मागचंही लिहिते, कारण मला ते एकदा कागदावर उतरवल्याशिवाय झोप लागणार नाही.

तू गाडीतून उतरलीस तेव्हा मी तुला ओळखलं नाही. केस पांढरे झालेत तुझे. आईसारखी चालतेस. मला राग आला. इतक्या रागात असताना आईसारखी चाल कशाला दाखवायची?

माइक ठेवला, सगळे बसले, आणि खात्याकडून कार्यक्रम चालवायला आलेला तो सुटातला हॅरिसन माझ्याकडे बघून हसला. मी हाताची घडी घातली. तो परत हसला. मी परत घडी घातली, म्हणजे होतीच, जरा घट्ट केली. डॅरिल कानाशी येऊन पुटपुटला, "मावशी, पाया पडतो तुझ्या." मी म्हटलं, "गुडघ्याला हात लावू नकोस, दुखतोय." माश्या घोंगावत होत्या, सॅन्डविचच्या कडा वाळत होत्या, मोठ्या साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग सगळ्यांच्या माना तुझ्याकडे वळल्या.

तू उठली नाहीस. खाली मान घालून बूट बघत बसलीस. तेव्हा मला वाटलं होतं, घाबरली. आता वाटतं, तसं नसावं.

मग हॅरिसननेच खिशातून चिठ्ठी काढली. स्वागत नाही तर नाही, नमन कुणालाही करता येतं. "या भूमीच्या ज्येष्ठांना, होऊन गेलेल्या आणि आज हजर असलेल्या, मी आदरपूर्वक वंदन करतो," असं तो वाचत होता आणि हजर असलेली ज्येष्ठ समोर तोंड वाकडं करून बसली होती. ज्याच्यापायी मी महिनाभर ताठ मान करून फिरले, ते एका चिठ्ठीवर उरकलं. आपल्या रुसव्याची किंमत एवढीच, आयडा. क्लॅरी काका तेवढे खुदकन हसले.

केकवर शून्य होतं. मी खाल्लं नाही. दुसरा तुकडा मागितला क्लॅरी काकांनी.

मग मी पाण्याच्या टाकीमागे गेले आणि तू मागून आलीस. मी जे बोलले ते परत लिहीत नाही. तुझ्या जागी दुसरी असती तर थोबाडीत दिली असती. तू दिली नाहीस. म्हणालीस, "झालं का बोलून? आता माझं ऐक."

तू सांगितलंस की नोकरीला लागताना टेबलापलीकडच्या माणसाने विचारलं होतं, तुमच्या घरचं कुणी आमच्या खात्याच्या ताब्यात येण्यासारखं आहे का? आईबाप, भावंडं, मुलं, नातवंडं? आणि तू म्हणालीस, हो, एक नात आहे. तिची आई फार आजारी आहे, काही झालं तर तिची पाळी येईल. टाली तिचं नाव.

मी म्हटलं, "पण आपल्यात असली तरी त्यांच्यात बहिणीची नात म्हणजे नात नव्हे."

"माहीत आहे."

"बहिणीच्या मुलीची मुलगी म्हणाली असतीस तर त्याने पेनसुद्धा उचललं नसतं!"

"नोला, मला विचारलं, नात आहे का? आहे. मग मी काय सांगायला हवं होतं?"

मी टाकीला टेकले. टाकी तापली होती, तरी टेकले.

सहा वर्षं मी गावभर सांगत फिरले की आयडाने पोरीला आपली म्हटलं नाही. आणि तू आपली म्हटलंस, म्हणून तुझे हात बांधले. परकी म्हटली असतीस तर त्याच दिवशी पोर माझ्या घरात असती. हे असलं फक्त आपल्यालाच जमतं. दुसऱ्या कुठल्याही बाईने पटकन 'नाही' म्हणून टाकलं असतं आणि बारा वेळा सही केली असती. आता मला तुझ्यावर चिडायचीसुद्धा सोय राहिली नाही. कुणावर चिडू? मला चिडायचंय. मी इतकी वर्षं चिडतेय, माझ्या हाताला दुसरं काम माहीत नाही.

आणि जाताना तू काय म्हणालीस? "अजूनही बदलता येतं. ती माझी नात नाही, असं एकदा सांगावं लागेल. मग मला सही करता येईल. माझ्याच्याने ते होत नाही, नोला."

तेवढ्यात डॅरिलने फोटोला हाक मारली. फोटोत आपण दोघी शेजारी उभ्या आहोत. डॅरिलने दाखवला. दोघी रडल्यासारख्या दिसतो. साहेबांना वाटलं असेल, आनंदाने.

नोला

*

गिजी बेंड
२५ ऑगस्ट

आयडा,

थोडक्यात लिहिते.

काल टालीचा फोन आला. तिने जेवणाला शिव्या घातल्या नाहीत. काय खाल्लंस विचारलं तर म्हणाली, "काय ते." काय करतेस विचारलं तर म्हणाली, "काही नाही." सगळ्या दहा मिनिटांत ती एवढंच बोलली. मी बडबडत राहिले, कुत्र्याचं, नदीला पाणी आल्याचं, पिवळ्या पोटाचे मासे लागायला लागल्याचं. पलीकडे नुसता श्वास. मला भीती वाटतेय. चिडलेली टाली मला चालते. गप्प टाली मला चालणार नाही. तिची आई अशीच गप्प होत गेली होती, तुला आठवत असेल.

क्लॅरी काकांकडे गेले. सगळं सांगितलं. ते गळ बांधत होते. मग म्हणाले, "ती त्यांना त्यांच्या हिशेबाने सांगणार ना? त्यांच्या हिशेबाने पोर तिची नाहीच. मग खोटं कुठे आलं?"

मी म्हटलं, "काका, तुम्हाला पटतंय का हे?"

"नाही," म्हणाले. "पण पोरीला आणा."

तेव्हा मी तुझी मोठी बहीण म्हणून सांगते. आईनंतर मीच आहे सांगणारी. सांग त्यांना. ती माझी कुणी नाही, असं सांग. मनाला लावून घेऊ नकोस, लावून घेतलंस तरी सांग. पाप लागायचं असेल तर ते मला लागू दे, मी सांगतेय म्हणून तू करतेयस.

आणि ते शून्य जाईल. डॅरिल माझ्याशी बोलणार नाही. तुझ्या वरचे तुझ्यावर उखडतील. मला सगळं कळतंय. तरी सांग.

नोला

*

गिजी बेंड
२८ सप्टेंबर

आयडा,

टाली घरी आहे. झोपली आहे, दुपारचे दोन वाजलेत. उठवायला गेले तर उशी फेकून मारली.

तुझी सही झाली हे आम्हाला पाटीवरून कळलं. ऑगस्टअखेरचा आकडा आला आणि डॅरिल शिडी घेऊन निघाला. शून्य खरवडून त्याने एक काढला, बारीकसा, काळ्या रंगात. लोक बघत होते. कुणी तरी म्हणालं, "झालं का समाधान, नोला?" मी म्हटलं, "झालं." खरं तर झालं नव्हतं. सगळ्यांनी राबून आणलेला आकडा माझ्यामुळे पुसला गेला, ते मला बघवत नव्हतं. पण समाधान झालं नाही असं सांगायची ती वेळ नव्हती.

संध्याकाळच्या गाडीचा फेरविचार सुरू आहे. तोवर बाया आपापल्या गाड्या काढतात. मी तिखट रस्सा आणि निखाऱ्यातल्या रोट्या करून देते. डॅरिल माझ्याशी बोलत नाही, पण भांडं रिकामं करून धुऊन पाठवतो. महिनाअखेरीला पाटीवर परत शून्य येईल आणि या वेळी ते खरं असेल. त्याला केक आणायला कुणी येणार नाही.

आता कोर्टाचं सांगते. तुला सांगू की नको यावर मी आठवडा घालवला.

टाली व्हिडिओच्या पडद्यावर होती, आत बसलेली. आम्ही इकडे. मॅजिस्ट्रेटने विचारलं, पत्ता बदलणारी अधिकारी मुलीची नातेवाईक आहे असं जुन्या नोंदीत दिसतंय, ते काय आहे? सरकारी बाईने उठून खणखणीत आवाजात सांगितलं, "संबंधित अधिकाऱ्याने खुलासा केला आहे की सदर मुलगी तिची नात नाही आणि तिचा तिच्याशी जवळचा संबंध नाही."

मी पडद्याकडे पाहिलं. पोरीने मान वर केली. बाकी काही नाही. मान वर केली आणि परत खाली घातली. मग मॅजिस्ट्रेट म्हणाले, गिजी बेंडला, आजीकडे. मी तिथेच मोठ्याने रडले. रडण्यात दोन्ही होतं.

तिला आणायला क्लॅरी काकांचा पुतण्या गाडी घेऊन आला. अर्धा रस्ता ती खिडकीतून बघत होती. चिप्सची पुडी संपवली, माझीही संपवली. मग म्हणाली, "आयडा आजी असं म्हणाली?"

मी म्हटलं, "म्हणाली. मीच म्हणायला लावलं."

"मला बाहेर काढायला?"

"हो."

"नाही म्हटलं नसतं तर?"

"तर फाईल रांगेत असती."

"म्हणजे ती हो म्हणत होती तोवर मी आत, आणि नाही म्हटल्यावर बाहेर?" मी म्हटलं, हो, तसंच. "वेडेच आहात तुम्ही सगळे," म्हणाली, आणि दोन्ही पाय समोर ठेवून घोरायला लागली. मला वाटलं, चला, विषय संपला.

संपला नव्हता. रात्री भांडी पुसताना म्हणाली, "ती खरंच रडली होती का फोटोत?" परवा म्हणाली, "तिचे हात कसे आहेत? माझ्यासारखे?" मी म्हटलं, बघ की येईल तेव्हा. "येणार आहे?" पोर बोलत नाही, आयडा, पण ते वाक्य तिच्यात रुतलंय. मला दिसतं. तू नाही म्हणालीस ते बरोबर केलंस, आणि तरी ते रुतलंय. दोन्ही खरं आहे. या गोष्टीत मला कुठेच नीट उभं राहायला जागा मिळत नाही, याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

तू ये. खात्याच्या गाडीतून नको, बसने ये. तू येशील तेव्हा मी 'या' म्हणेन, फक्त तुला. नोकरीवर काही आलं असेल तर तेही घेऊन ये, इथे खोली आहे. पण ये, आणि तिच्यासमोर बसून बोल. पत्राने हे होणार नाही, नाहीतर मी एव्हाना केलं असतं.

सोमवारी तिला शाळेत घालायला गेले. नवी कारकून आहे, बाहेरची, भली वाटली. नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, आई नाही म्हटल्यावर हलक्या आवाजात बोलायला लागली. मग म्हणाली, "घरी कोण कोण आहे, बाळ? आजी-आजोबा?"

मी सांगायला तोंड उघडलं, तर टालीने मला कोपर मारलं आणि स्वतःच बोलली.

"दोन आज्या आहेत. एक ही. दुसरी सिडनीला असते. ती सध्या नाही म्हणते, पण आहे. लिहा."

नोला